नवमीचा आवाज

"वहिनी, यंदा मोरावळ्यात साखर विरघळली नाही वाटतं. दाताखाली येते."

विष्णुबुवा खांबेटे आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसले होते. चैत्र शुद्ध षष्ठी, सकाळचे आठ. मी ओट्याकडे तोंड करून पेज ढवळत होते. ती ढवळायची गरज नव्हती, झालेली होती.

"पाक जरा पुढे गेला असेल," मी म्हटलं. "खडे धरले असतील."

"असू द्या. गोड आहे." त्यांनी चमचा चाटून वाटीत ठेवला. "आज गळा काय म्हणतो ते संध्याकाळी कळेल. काल तर रामानं लाजच काढली माझी."

हे सगळं ते कुजबुजत बोलत होते. घसा खरवडून एकेक शब्द बाहेर पडत होता. आदल्या दिवशी, पंचमीला, भर कीर्तनात त्यांचा आवाज गेला होता. उत्तररंगात कौसल्येच्या डोहाळ्यांचं पद त्यांनी वरच्या पट्टीत उचललं आणि तोंडातून नुसता वारा आला. पेटीवाले थांबले. बुवांनी हात जोडून पुन्हा उचललं. पुन्हा वारा. समोर बसलेल्या बायकांमधून कुणीतरी "अरे देवा" म्हणालं, ते सगळ्या देवळाला ऐकू गेलं. मग पुढचं सगळं त्यांनी बोलून, सांगून, कसंबसं उरकलं आणि आरती घेतली. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

आमच्या आळीतल्या राममंदिरात पाडव्यापासून नवमीपर्यंत नऊ दिवस कीर्तन असतं. बुवा देवरुखच्या बाजूचे. नऊ दिवस त्यांचा मुक्काम आमच्या घरी, ही सासूबाईंच्या वेळेपासूनची रीत. मी लग्न होऊन सांगलीला आले त्याच वर्षी त्यांना पहिल्यांदा ऐकलं. तोपर्यंत कीर्तन म्हणजे म्हाताऱ्या माणसांनी डुलक्या काढायची जागा, असंच मला वाटायचं. त्या दिवशी त्यांनी झांज टिपेला नेली, एका पायावर गिरकी घेतली आणि हळूच, अगदी घरातल्या माणसाशी बोलावं तसं, रामाला "ये रे" म्हणून हाक मारली. मी देवळाच्या खांबाला धरून उभी होते. पुढच्या चैत्राची वाट मी त्याच क्षणापासून बघायला लागले. ती सवय मग सुटली नाही. दिवाळी झाली की मनात यायचं, आता पाच महिने. संक्रांत झाली की आता अडीच. आवळे बाजारात आले की मी मोरावळा घालायची तो बुवांसाठी. घरात बाकी कुणी खात नव्हतं.

त्यांचं कीर्तन टेपवर मात्र कुणी घ्यायचं नाही. एकदा एकानं खिशात छोटा टेप लपवून आणला होता, तेव्हा बुवा गादीवरूनच म्हणाले होते, "ते डबडं बंद करा. राम जन्माला यायला इथे यावं लागतं. डबड्यात बसून येत नाही तो."

तीन वर्षं त्यांचा गळा कुरकुरत होता. सकाळी उठले की अर्धा तास खाकरायचे. तोंडाला आंबट पाणी, छातीत जळजळ. त्यांच्याकडच्या डॉक्टरांनी एक कॅप्सूल लावून दिली होती, ती रोज खायचे, तेवढ्यावर चाललं होतं. त्या वर्षी फाल्गुनात ते मिरजेला एका कीर्तनासाठी आले, तेव्हा मी आणि आमच्या ह्यांनी त्यांना धरून डॉ. मुजावर बाईंकडे नेलं. पोटाच्या डॉक्टरीण. बाई तरुण होत्या, बोलायला रोखठोक.

"बुवा, तुम्ही गळ्यासाठी आलात, पण दुखणं खाली आहे," त्या म्हणाल्या. "जठरातलं आम्ल उलटं वर येतं. आडवं झाल्यावर तर घशापर्यंत. त्यानं गळा भाजतो."

आमचे हे, म्हणजे श्रीधर लिमये, नळ आणि पाइपांचं दुकान चालवतात. त्यांना एकदम आपला विषय सापडला. "म्हणजे व्हॉल्व्ह गेलाय. पाणी उलटं मारतंय."

बाई हसल्या. "अगदी तेच. वॉशर सैल झालाय."

"मग बदला की."

"वॉशरचं दुकान तुमचं. माझ्याकडे नुसत्या गोळ्या आहेत." मग त्या लिहिता लिहिता सहज म्हणाल्या, "घरात कुणाला पोटाचा आजार?"

"थोरले बंधू," बुवा म्हणाले. "जठराचा कॅन्सर. एक्कावन्नावं चालू होतं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तुमचं वय?"

"छप्पन."

"मग मला आणखी एक बघायला हवं." आता त्या सावकाश बोलायला लागल्या. "जठरात एक जंतू राहतो. आपल्याकडे निम्म्या लोकांच्या पोटात असेल, बहुतेकांना काही करत नाही. पण ज्याच्या सख्ख्या भावाला कॅन्सर झाला आणि ज्याला मी आम्लाच्या गोळ्या वर्षानुवर्षं देणार, त्याच्या पोटात तो राहिलेला मला चालणार नाही. गोळीनं जळजळ थांबते, तुम्ही खूश. आत तो अस्तर कुरतडत बसतो."

"मग आजच बघून टाका," हे म्हणाले.

"आज सापडणार नाही. ही गोळी चालू असली की तो दडून बसतो. तपासणी खोटी येते. दोन आठवडे गोळी पूर्ण बंद, मग दुर्बीण घालायची."

बुवांनी बोटांवर तिथी मोजल्या. "दोन आठवड्यांत माझं नवरात्र येतं."

"मग दशमीला या. तोपर्यंत तुम्ही इथेच असता ना? एकदा कोकणात उतरलात की मला कुठले सापडता."

"आणि सापडला जंतू तर?"

"चौदा दिवस जहाल औषधं. त्यानंतर चारेक महिने गळ्याला विश्रांती. कधी कधी जंतू गेल्यावर आम्ल आणखी उसळतं. होईलच असं नाही, पण सांगून ठेवते. आणि नसला, तर गोळ्या चालू, कीर्तनं चालू."

बुवा मान हलवून म्हणाले, "नऊ दिवस रामाचेच आहेत. तो बघून घेईल."

"रामाला त्रास नको." बाई माझ्याकडे वळल्या. "ताई, जेवण तुमच्या हातचं ना? मग जबाबदारी तुमची. कितीही जळजळलं, कितीही विनवलं, तरी गोळी नाही म्हणजे नाही."

मी हो म्हटलं.

पाडव्याला बुवा आले तेव्हा गोळी बंद होऊन पाच दिवस झाले होते. पहिले चार दिवस त्यांनी रेटले. उशाला दोन उशा, तिखट नाही, चहा नाही, संध्याकाळी पाचच्या कीर्तनाआधी नुसती पेज. तरी जेवल्यावर हात छातीशी जायचाच. आणि पंचमीला तो वारा.

त्या रात्री त्यांनी एक घास खाल्ला नाही. "नवमीला दुसरे कुणी बघा," एवढंच ह्यांना म्हणाले. "जन्माच्या वेळेला वारा नको."

आमच्या ह्यांनाही पित्ताचा त्रास. सकाळची मिसळ, वर तंबाखू, मग दुसरं काय होणार. त्यांच्या औषधाचा डबा फ्रिजवर असायचा, त्यात तीच कॅप्सूल होती. दोन्ही टोकांना धरून ओढली की टोपी निघते. आत पांढरे बारीक दाणे, खसखशीहून थोडे मोठे. षष्ठीला सकाळी मी ते मोरावळ्याच्या वाटीत पाडले आणि वरून पाक घातला.

चार दिवसांनी काय बिघडतंय, असं मी मनाला सांगितलं म्हणते मी आता. तेव्हा तेवढंही सांगितलं नव्हतं. मला तो आवाज हवा होता.

सप्तमीला बुवा झोपेतून उठले ते न खाकरता. "वहिनी, रात्री जळजळ नाही," म्हणाले, लहान मुलासारखे. संध्याकाळी खालच्या पट्टीत नीट गायले. अष्टमीला पट्टी चढवली. बायकांनी देवळातून बाहेर पडताना माझे हात धरले, "काय काढा दिलास गं?" मी म्हटलं, "मोरावळा." ते खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ते मला जास्त टोचलं.

अष्टमीला जेवताना हे म्हणाले, "माझं गोळ्यांचं पाकीट हलकं लागतंय. घरात उंदीर झालेत की काय? पित्तवाले?"

"तुम्हीच खाल्ल्या असतील. मिसळ कमी आहे का तुमची?"

ते माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले आणि भात कालवायला लागले.

नवमीचं कीर्तन सकाळी दहाला उभं राहतं आणि बाराच्या ठोक्याला जन्म व्हावा लागतो. बुवांचं घड्याळ आत कुठेतरी होतं. त्यांनी कधी मनगटाकडे बघितलं नाही. त्या दिवशी त्यांनी पागोटं बांधलं, कपाळी बुक्का लावून घेतला, आणि पहिला षड्ज लावला तेव्हा पेटीवाल्यांनी मान वर केली.

मी कितीदा सांगायला बसले, पण त्या दोन तासांचं मला सांगता येत नाही. आवाज पूर्वीसारखा होता असंही नाही. पूर्वीपेक्षा त्यात काहीतरी कमी होतं, जोर म्हणा, आणि त्या कमीमुळेच तो थेट आत जात होता. दशरथाचं पायस वाटणं आलं. कौसल्येच्या दारात बसलेल्या दाया आल्या, त्यांच्या गप्पा, एकीचं एकीला टोमणे मारणं, आणि सगळं देऊळ हसायला लागलं. हसता हसता त्यांनी आवाज असा खाली आणला की दोनशे माणसांनी श्वास धरला. मग वर. वरच्या षड्जावर ते थांबले, आणि नेमका तेव्हा पुजाऱ्यांनी पडदा ओढला. घंटा, गुलाल, सुंठवडा, सगळं एकदम. बुवा मात्र तसेच उभे, डोळे मिटलेले, गालावरून पाणी वाहतंय आणि सूर अजून सुटलेला नाही.

पाळणा झाल्यावर ते गादीवरून म्हणाले, "मंडळी, पंचमीला या गळ्यात नुसता वारा होता, तुम्ही बघितलाय. आज जे आलं ते माझं नव्हे. कुणाचं ते तुम्ही समजा."

घरी येऊन जेवायला बसले तेव्हा पहिला घास हातात धरून थांबले. "वहिनी, बावीस वर्षं मी इथे जन्म करतोय. सांगू नये, पण सांगतो. मला कधी कळलं नव्हतं की तो ऐकतो की नाही. आपण आपलं गात राहायचं. आज कळलं. ऐकत होता."

मी वरण वाढायला वाकले आणि तशीच वाकलेली राहिले.

दशमीला सकाळी रिकाम्या पोटी दुर्बीण झाली. घशात फवारा मारून बाईंनी नळी घातली, जठराचा मोहरीएवढा तुकडा काढला आणि एका छोट्या कुपीत टाकला. कुपीत तळाशी पिवळं, थिजल्यासारखं काहीतरी होतं.

"जंतू असेल तर हे गुलाबी होतं," त्या म्हणाल्या. "बहुतेकदा तासाभरात. शेवटचं उद्या सकाळी बघू."

बुवांचा घसा बधिर होता तरी बोलायचं थांबेना. बाकावर बसून दर पाच मिनिटांनी आत डोकावायचे. "पिवळंच आहे हो. पीतांबर नेसून बसलाय."

एकादशीला सकाळी आम्ही तिघं गेलो. कुपी पिवळी होती. बाईंनी ती उजेडात धरून फिरवली, टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे बघितलं.

"ताई, गोळी बंद होती ना?"

"अहो, वहिनी पहाऱ्यावर होत्या," बुवाच म्हणाले. "साधं लोणचं लागू दिलं नाही मला."

बाई अजून माझ्याकडेच बघत होत्या. मी मान हलवली. होकाराची.

"मग उत्तम." त्यांनी चिठ्ठी लिहिली. "रोज एक गोळी. वर्षानं दाखवा."

परत येताना रिक्षात बुवा बोटांवर गावं मोजत होते. हनुमान जयंतीला संगमेश्वर, वैशाखात चिपळूण, मग चातुर्मासात कोल्हापूर. कोल्हापूरला त्यांनी दोनदा नकार कळवला होता, आता होकार कळवणार होते. हे पुढे रिक्षावाल्याशेजारी बसले होते.

अकराची गाडी होती. बुवा आंघोळीला गेले तेव्हा हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"चारची गाडी केलीय त्यांची."

"का?"

"तुला बोलायला वेळ हवा म्हणून."

मी साबुदाणा परतत होते.

"रिकाम्या टोप्या केराच्या बादलीत होत्या," ते म्हणाले. "खायची असती तर माणूस सबंध गिळतो. उघडून बघत नाही."

"मग सकाळी डॉक्टरांसमोर का नाही बोललात?"

"मी नळवाला माणूस. गळती कुठे आहे ते दाखवतो. फोडायचं की नाही ते घरवाल्यानं ठरवायचं." ते वळले, मग परत आले. "मंदा, त्यांचा भाऊ मी बघितलाय. शेवटी शेवटी पाणी पोटात ठरत नव्हतं त्याच्या."

ते दुकानात निघून गेले.

मी उभी राहिले. खरं सांगायचं तर भावाच्या नावानं मला भीती वाटली, पण ती दूरची होती. जवळ होता तो परवा हातात घास धरून बोललेला माणूस. सांगितलं, तर त्याच्या हातून मी ती नवमी काढून घेणार होते. आणि कदाचित तो आवाजही, कायमचा. न सांगितलं, तर पुढच्या चैत्रात तो पुन्हा येणार होता, गाणार होता, मी खांबाला धरून उभी राहणार होते. वर्षभर. मग आणखी एक वर्ष. किती वर्षं, ते कुणाला माहीत नव्हतं.

बुवा पागोटं कापडात गुंडाळत होते.

"बुवा, मोरावळ्यात साखर नव्हती."

"काय नव्हतं?"

"ते दाताखाली येत होतं ते. ह्यांची पित्ताची कॅप्सूल होती, तीच, तुमचीच. षष्ठीपासून नवमीपर्यंत. मी फोडून घातली. चार दिवस." शब्द एकदा सुटल्यावर मला थांबता येईना. "ती तपासणी खोटी आहे. पिवळं राहिलं ते त्यामुळे राहिलं असेल. पुन्हा करायला हवी. भावाचं तुम्हाला—"

"भावाचं राहू द्या." ते खाली बसले, ट्रंकेवर. "नवमीचं सांगा."

"काय सांगू?"

"तुम्ही ऐकलंत ना? बावीस वर्षं ऐकताय. तो गोळीचा आवाज होता का?"

मी तोंडावर पदर धरला होता. "मला नाही सांगता येत, बुवा."

"हं." बराच वेळ ते हातातल्या कापडाची घडी करत राहिले, उलगडत राहिले. मग म्हणाले, "मलाही नाही." आणि थोड्या वेळानं, "का केलंत?"

"आवाज हवा होता मला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मलाही तोच हवा होता, वहिनी. त्या पाच दिवसांत तुमच्या फ्रिजवरचा डबा मी किती वेळा बघितला असेल, विचारा. हात पोचला नाही, कारण तुम्ही सारख्या स्वयंपाकघरात."

मी रडत होते आणि मला हसू आलं. त्यांनाही आलं असावं, पण घसा खरवडला आणि ते खोकले.

दुपारी हे घरी आले तेव्हा बुवांनीच सांगितलं, "श्रीधरपंत, गाडी रद्द करा. पंधरा दिवस तुमच्याकडे धरणं धरतोय."

"धरणं कसलं? नळ दुरुस्त होईपर्यंत राहायचं," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच मुजावर बाईंकडे गेले. सगळं सांगितलं. त्या काही वेळ पेनाचं टोपण लावत-काढत बसल्या. "मी काल चिठ्ठीवर वर्षानं या असं लिहिलं," एवढंच म्हणाल्या. "तुम्ही आज आलात. बाकी मी बोलत नाही."

ते पंधरा दिवस बुवा बहुतेक गप्प होते. जळजळ परत आली, खाकरणं परत आलं. आलेली बोलावणी त्यांनी पत्रं लिहून नाकारली. कोल्हापूरचंही. सकाळी मात्र ते पाटावर बसून मोरावळा मागायचे. मी वाटी पुढे करायची, आणि ते वाटीत न बघता चमचा तोंडात घालायचे. रोज. त्यावरून मला काय वाटायचं ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

दुसऱ्या वेळेला कुपीतला तुकडा तळाला टेकतो न टेकतो तोच भोवती रंग पसरला. दहा मिनिटांत सगळी कुपी गुलाबी. बुवा वाकून बघत होते.

"हा तर गुलाल," ते हळूच म्हणाले.

अस्तर बदलायला लागलं होतं, हे बाईंनी नंतर सांगितलं. आणखी तीन-चार वर्षं तसंच गेलं असतं तर काय बघावं लागलं असतं, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही. चौदा दिवस मूठभर औषधं झाली. तोंड कडू, पोट बिघडलेलं, जेवणाचा वास नको. दोन महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हा जंतू गेला होता. पुढे दरवर्षी दुर्बीण घातली, दरवर्षी स्वच्छ.

आवाज आला नाही. बाईंनी सांगून ठेवलं होतं तसं आम्ल उसळलं, गोळ्या दुप्पट झाल्या, गळ्याच्या डॉक्टरांनीही हात लावून बघितलं. विश्रांती चार महिन्यांची वर्षभर झाली. वीस-पंचवीस मिनिटं गळा साथ द्यायचा, मग वारा. पुढच्या चैत्रात ते आले नाहीत. पत्र आलं, "अर्ध्या तासात कौसल्येला मोकळं करायचं म्हणजे घाईचं बाळंतपण. ते आपल्याला जमणार नाही. दुसरे बुवा बघावेत." त्याच्या खाली, वेगळ्या ओळीत, "मोरावळा मात्र पाठवावा."

त्या नवमीला आता एकोणीस वर्षं झाली. बुवा पंचाहत्तर वर्षांचे आहेत. देवरुखला लेकीकडे असतात, गावातल्या मुलींना झांज धरायला शिकवतात, सांज झाल्यावर अंगणात फेऱ्या मारतात. हे गेले, त्याला चार वर्षं झाली. देवळात नवमीला नवनवे कीर्तनकार येतात. चांगले असतात. विद्वान असतात, गळे तयार असतात, मी सगळ्यांना हात जोडते. जन्म व्हायच्या आधी पाच-दहा मिनिटं मी त्या खांबापाशी जाऊन उभी राहते आणि वर जाणारा सूर ऐकत असते. सूर वर पोचतो. मी कुठेतरी खालीच राहते, कुणाची तरी वाट बघत.

दर नवमीला बाराला मी त्यांना फोन लावते. यंदाही लावला.

"झाला का?" त्यांचा आवाज आता बोलतानाही फाटतो.

"होतोय. पडदा आहे अजून."

"कोण आहे यंदा?"

"नगरकडची मुलगी आहे, मृण्मयी. बारीकशी आहे, पण उभी छान राहते."

"गळा?"

"चांगला आहे."

"वहिनी," ते म्हणाले, "खोटं बोलणं तुम्हाला कधी जमलं नाही."

"चांगलाच आहे, बुवा. खरंच."

"मग फोन तिकडे धरा. मला ऐकू द्या."

तेवढ्यात पडदा सरला. घंटा झाली, गुलाल उडाला, बायका पाळण्याकडे धावल्या, आणि त्या मुलीनं पाळणा उचलला. मी हात लांब करून फोन तिच्या दिशेनं धरला. दोन कडवी झाली असतील. चालू आहे की तुटला, बघावं म्हणून मी तो कानाशी आणला.

पलीकडे बुवा तिच्याबरोबर म्हणत होते. अगदी हळू. शब्द अर्धे, सूर मध्येच सुटायचा, मग नुसता वारा, मग पुन्हा कुठूनतरी उचललेला. आपल्याला कुणी ऐकतंय हे त्यांना माहीत नव्हतं.

देवळात दोनशे माणसं पाळणा म्हणत होती. मी पाळण्याकडे पाठ केली, खांबाला टेकले आणि दुसऱ्या कानात बोट घातलं.